दोन हजार सातशे साठ

बाराव्या दिवशीही काटा वर सरकेना.
जन्मली तेव्हा एकतीसशे ग्रॅम,
आज दोन हजार सातशे साठ.
आकडा वहीत लिहिला, मोठ्यानं वाचला नाही.
बेगाइम माझ्या पेनाकडे बघत होती.

तिला मी सातव्या महिन्यापासून ओळखते.
नखं पांढरी, ओठ पांढरे,
आणि खोलीच्या भिंतीत, पलंगाशेजारी,
बोटानं कोरलेला ओलसर खळगा.
"चुना?"
मान खाली.
"डोहाळ्यांची लाज कसली, पण भिंत खाऊन
रक्त वाढत नाही गं."
लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या साखरेच्या डब्यात लपल्या,
शौचाला काळं झालं म्हणून घाबरली होती.
शिवाय जेवणावर चहा, चहावर चहा.
नारीनच्या हिवाळ्यात चहा सोड म्हणणं म्हणजे
चुलीतल्या गोवऱ्या विझव म्हणणं.
म्हटलं, सोडू नकोस. जेवल्यावर तासभर थांब, एवढंच.
सासूनं गजराचं घड्याळ आणून किटलीशेजारी ठेवलं,
टोमणा म्हणून की काळजीनं, कळलं नाही.

तीच सासू, उमसुनाय, आज दारात उभी.
हातात वाटी.
आमच्या बोलीत तुपाला माय म्हणतात.
पिवळं तूप, सारी माय,
जन्मल्या जन्मल्या बाळाच्या ओठाला लावायचं,
आणि रड थांबली नाही तर
मेंढीच्या शेपटीची चरबी द्यायची चोखायला.
"माझी पाच ह्यावरच वाढली, दामिरा."
झाली होती सहा.
ह्या गावाची नोंदवही माझ्याकडे असते.
मी काही बोलले नाही.

फोनवर नवरा, नोवोसिबिर्स्कच्या कुठल्याशा बांधकामावरून:
डब्याचं दूध आणा, पैसे पाठवतो.
"आधी मला पाजून दाखव," मी म्हटलं,
आणि बेशिकच्या पट्ट्या सोडल्या.
पाळण्यात घट्ट बांधलेलं मूल शहाण्यासारखं झोपतं,
चार-चार तास,
भूक मागायचंही विसरून.
पोरीनं टोकालाच धरलं. बेगाइमनं दात आवळले.
चिरेतून रक्ताचा ठिपका.

त्र्याऐंशी साली प्रसूतिगृहात
आमची मुलं ढकलगाडीवरून यायची, पावांसारखी ओळीनं,
घड्याळ म्हणेल तेव्हा.
मधल्या वेळात भिंतीपलीकडच्या रडण्यातून
मी माझ्याचं रडणं वेचत बसायची.
छाती दगड व्हायची, चादर भिजायची.
दूध होतं, मूल नव्हतं.
दहाव्या दिवशी घरी आलो
तेव्हा मूल होतं, दूध नव्हतं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही बायकांना नसतंच.
बावीस वर्षं मी ते खरं मानलं.

"पोट पोटाला लाव. मान नको वळवू तिची.
तोंड जांभईएवढं उघडू दे.
थांब.
अजून थांब.
आता."

हनुवटी खाली गेली, क्षणभर तिथेच राहिली.
गुटुक.
मला ऐकू यायच्या आधी उमसुनायला ऐकू आलं.
"घेतेय," ती म्हणाली.
"कोकरू असतं तर शेपूट हललं असतं."
मग हातातल्या वाटीचं काय करावं तिला सुचेना.
पावाचा तुकडा तुपात बुडवला
आणि सुनेच्या तोंडात कोंबला.
"मग तू खा."

दिवसा दर दोन तासांनी, रात्री उठवून,
झोपली असली तर तळवे चोळून.
दोनदा निरोप आला, पोरगी रडतेय, डबा आणू का.
दोनदा बर्फातून चालत गेले.

आठवड्यानं पुन्हा काटा.
ह्या वेळी आकडा उमसुनायनं विचारला.
"दोन हजार नऊशे पन्नास," मी मोठ्यानं वाचलं.
तिनं काट्याचा दोर हातात घेऊन पाहिला,
आकडा पाहिला, झोळी पाहिली.
"माझ्या सहावीला," ती म्हणाली,
"कुणी काट्यावर घातलं नव्हतं."

पेन खाली ठेवलं.
गजर व्हायला अजून वेळ होता,
तरी बेगाइमनं तिघींचा चहा ओतला.